शेवट ठाऊक असलेली गोष्ट : ओळखीच्या नायकांच्या तरुणपणाची पहिली अंतराळ-कादंबरी कशी वाचावी

माझी भाची नववीत आहे. मे महिन्याच्या सुटीत ती पेडण्याला आमच्याकडे आली तेव्हा तिच्या पिशवीत ‘मोस्ट वॉन्टेड’ नावाची इंग्रजी कादंबरी होती. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतला हान सोलो पोरसवदा होता तेव्हाची ही गोष्ट, लेखिका रे कार्सन. चाळीसेक पानं झाली आणि तिने पुस्तक पालथं घातलं. म्हणाली, “मामा, हा मरणार नाही हे मला ठाऊक आहे. सिनेमात तो केस पिकेपर्यंत जगतो. मग इथे कोणी त्याच्या अंगावर धावून आलं तर मी घाबरायचं कित्याक?”

मला लगेच उत्तर सुचलं नाही. आठवडाभराने शेजारच्या गावात दशावतार होता, तिथे सुचलं. आख्यान कीचकवधाचं होतं. भीम कीचकाला मारणार हे पहिल्या रांगेतल्या पाच वर्षांच्या पोरालाही माहीत होतं. तरी पहाटे तीनला मंडपातून कोणी हललं नाही. दशावतारात कथेचा सांगाडा ठरलेला असतो, पण संवाद लिहिलेले नसतात. नट ते उभ्या उभ्या रचतो. कीचक मरणार हे ठरलेलं आहे, पण मरण्याआधी तो किती माजणार, सैरंध्रीशी काय बोलणार, स्वतःबद्दल काय समज करून बसणार, हे त्या रात्रीचा नट ठरवतो. लोक ते पाहायला बसलेले असतात.

‘मोस्ट वॉन्टेड’सारखी कादंबरी याच जातीची आहे. सांगाडा चित्रपटाने ठरवून दिलेला, संवाद लेखिकेचे. असं पुस्तक पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी, मुलांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठीही, पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. उदाहरणं ‘स्टार वॉर्स’ची आहेत, कारण हे पीक तिथेच सर्वांत जोमात आहे.

पायरी पहिली : आधी सिनेमा

अमेरिकेत ‘मोस्ट वॉन्टेड’ आणि ‘सोलो’ हा चित्रपट २५ मे २०१८ या एकाच दिवशी आले. म्हणजे प्रकाशकाच्या मते कुठूनही सुरुवात केली तरी चालावी. माझं मत वेगळं आहे. आधी सिनेमा पाहा, निदान त्याचा पहिला अर्धा तास. कोरेलिया हा जहाजं बांधणारा ग्रह, तिथली ‘व्हाइट वर्म्स’ ही टोळी, चोऱ्या करवून घेण्यासाठी पोरांना पोसणारी, उजेड सहन न होणारी लेडी प्रॉक्सिमा, आणि तिच्या तावडीतून निसटू पाहणारे हान व कीरा हे सगळं त्या अर्ध्या तासात येतं. कादंबरी त्याच्याही मागे जाते. हे दोघं अजून एकमेकांचे कोणी नाहीत. आपण भरवशाचे आहोत हे दाखवायची दोघांनाही घाई आहे. दोघं एकाच कामाच्या चढाओढीत सापडतात, डाव फसतो, आणि मग एकमेकांवर विश्वास ठेवण्यावाचून इलाज उरत नाही.

सिनेमा आधी पाहिलेला असला की त्या विश्वासाला वेगळी चव येते. तो पुढे कुठे जातो हे तुम्ही पाहिलेलं असतं, त्यांनी नाही.

पायरी दुसरी : कोणता हान विकत घेताय ते पाहा

इथे बहुतेक नवखे फसतात, म्हणून थोडं थांबतो.

हान सोलोला दोन तरुणपणं आहेत. ए. सी. क्रिस्पिन या लेखिकेने १९९७ आणि १९९८ मध्ये त्याच्यावर तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्यात तो गॅरिस श्राइक नावाच्या दुष्ट कप्तानाच्या जहाजावर वाढतो. पुढे २०१२ मध्ये डिस्नीने लुकासफिल्म विकत घेतली आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झालं की आधीची ही सगळी पुस्तकं यापुढे ‘लिजंड्स’ या नावाखाली छापली जातील. ती वाचा, आनंद घ्या, पण नवे चित्रपट त्यांना बांधील नाहीत. त्यामुळे ‘सोलो’ आणि ‘मोस्ट वॉन्टेड’मधला हान श्राइकच्या जहाजावर नाही, लेडी प्रॉक्सिमाच्या बिळात वाढतो.

आपल्याला यात अवघड काही नाही. एकाच देवाच्या जन्माची कथा एका पुराणात एक, दुसऱ्यात दुसरी, आणि गावच्या देवळाच्या माहात्म्यात तिसरीच असते. आपण तिन्ही ऐकतो आणि प्रसाद घेऊन घरी येतो. फक्त एक कथा चालू असताना दुसरीतलं काही मध्ये घुसडायचं नाही.

ओळखायचं कसं? जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांवर ‘लिजंड्स’ अशी पट्टी असते. फार जुनी, वापरलेली प्रत असेल तर पट्टी नसेल. मग आतलं प्रकाशनवर्ष पाहा. ते २०१४ च्या बरंच आधीचं असेल तर तो जुना संसार समजा. पाठीमागचा मजकूर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घाईने एक प्रत मागवली ती चोरटी छपाई निघाली. अक्षरं पुसट, मधली सोळा पानं गायब, आणि परत घ्यायला कोणी तयार नाही. किंमत संशय यावा इतकी कमी असेल तर संशय घ्यावा.

दुसरं, वय. या पुस्तकांवर ‘यंग अडल्ट’ असं लिहिलेलं असतं. मराठीत त्याला नेमका शब्द रुळलेला नाही, ‘कुमारवाङ्मय’ हा त्यातल्या त्यात जवळचा. साधारण तेराचौदापासून पुढे. नायक-नायिका सोळा-सतरा-अठराच्या, थोडं प्रेम, बरीच पळापळ, मोठ्या माणसांवर रुसवा. वयाने मोठ्या वाचकाने नाक मुरडायचं कारण नाही. मी पन्नाशीत आहे आणि दोन रात्रींत संपवलं.

पायरी तिसरी : पाटोला एक चक्कर

पुस्तक विकतच घ्यायला हवं असं नाही. पणजीच्या कदंब बसस्थानकावर उतरा आणि चालत पाटोला जा. तिथे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. या ग्रंथालयाची सुरुवात १८३२ ची, पोर्तुगीज अमदानीतली. देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत ते मोजलं जातं. सदस्य व्हा, काउंटरवर पुस्तकाचं नाव सांगा. तेच नसेल तर त्या लेखिकेचं किंवा त्या जातीचं दुसरं काही आहे का ते विचारा. मुलांना बरोबर न्या, त्यांना स्वतः विचारू द्या.

आता ग्रंथालयाच्या नावाबद्दल. कृष्णदास शामा हा केळशीचा. त्याने १५२६ मध्ये ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ मराठी ओव्यांत लिहायला घेतली, भागवताच्या दशम स्कंधाच्या आधाराने. दशम स्कंध म्हणजे कृष्णाचा जन्म, गोकुळ, खोड्या, कालिया, मग मथुरा आणि कंस. कंस मरणार हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक, गीता सांगणारा हाच हेही ठाऊक, आणि तरी सगळ्यांना हवं असतं ते लोणी चोरणारं पोर. ओळखीच्या नायकाचं तरुणपण सांगणाऱ्या माणसाचं नाव ज्या इमारतीवर आहे, तिथून हानचं तरुणपण घरी न्यायचं, हे मला फार आवडतं. भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे तोही प्रीक्वेलच लिहीत होता.” प्रीक्वेल म्हणजे आधी सांगून झालेल्या गोष्टीच्या मागची गोष्ट, मागाहून सांगितलेली. कृष्ण गोकुळातून थेट मथुरेला जातो, तेव्हा शब्द तंतोतंत बसत नाही. पण मी वाद घातला नाही.

पायरी चौथी : वहीचं मागचं पान

अशा कादंबरीत पहिल्या वीस पानांत पंधरा नावं येऊन आदळतात. ग्रहांची, टोळ्यांची, प्राण्यांची, यंत्रांची. त्यातली निम्मी कुठल्याच शब्दकोशात नाहीत, कारण ती कोणीतरी टेबलाशी बसून बनवलेली आहेत. शब्दकोश बंद ठेवा. वहीच्या शेवटच्या पानावर नाव देवनागरीत लिहा, पुढे चार शब्दांत कोण ते. ‘कोरेलिया – हानचा ग्रह, जहाजं.’ एवढं पुरे.

देवनागरीत लिहिण्याचा एक खास फायदा आहे. ‘कीरा’ हे नाव इंग्रजीत क्यू, आय, मग वर टांगलेला अपॉस्ट्रॉफी, मग आर, ए असं लिहितात. भाची पहिले दोन दिवस त्याला ‘क्विरा’ म्हणत होती. सिनेमात ऐकलेली कीरा आणि पुस्तकातली ‘क्विरा’ या तिच्या डोक्यात दोन वेगळ्या मुली होत्या! नाव एकदा आपल्या लिपीत उतरलं की उच्चार पक्का होतो. शंका असेल तर सिनेमातला तो प्रसंग लावून ऐका.

पायरी पाचवी : काळ मोजा

‘स्टार वॉर्स’ वाचणारे लोक वर्षं मोजतात ती यावीनच्या लढाईपासून. १९७७ च्या पहिल्या चित्रपटाच्या शेवटी साम्राज्याचा ‘डेथ स्टार’ हा ग्रह उडवणारा अंतराळतळ फुटतो ना, तीच ही लढाई, आणि ते वर्ष शून्य. आधीची वर्षं ‘यावीनपूर्व’, पुढची ‘यावीनोत्तर’. भिंतीवरच्या कालनिर्णयात शक आणि इसवी सन शेजारी शेजारी नांदतात, तसाच आणखी एक शक समजा.

हे गणित कशासाठी? क्लॉडिया ग्रे यांची २०१७ ची ‘लेया, प्रिन्सेस ऑफ अल्डेरान’ घ्या. लेया ही त्या चित्रपटांतली राजकन्या. तिचा जन्म यावीनच्या १९ वर्षं आधीचा. कादंबरीत ती १६ वर्षांची आहे. १९ उणे १६, उरतात ३. पहिल्या चित्रपटात तिच्या डोळ्यांदेखत अल्डेरान हा तिचा अख्खा ग्रह उडवला जातो. म्हणजे या पुस्तकात ती ज्या डोंगरावर चढते, ज्या जेवणाच्या टेबलाशी आईवर रागावते, ज्या राजवाड्यात सिंहासनाचा हक्क मागते, त्या सगळ्याला तीन वर्षं उरली आहेत. पुस्तकात हे कोणी बोलत नाही. लेयाला ते माहीतच नाही. ते फक्त तुम्हाला माहीत आहे. वहीत एक ‘३’ लिहून ठेवा आणि मग वाचा. आईबाप तिला टाळतात, गुपचूप खलबतं करतात, ती रुसते. साधी घरगुती भांडणं आहेत, पण तो आकडा डोळ्यांसमोर असला की घशात काहीतरी अडकतं.

भाचीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. हान मरेल का ही भीती या पुस्तकांत नसते. त्याऐवजी, ज्यांना आपण ओळखतो त्यांना अजून काय काय कळलेलं नाही, हे बघत राहायचं असतं.

पायरी सहावी : कुंपण आखा

ही माझी सर्वांत आवडती पायरी, आणि मुलांनाही खेळासारखी वाटते. वाचायला बसण्यापूर्वी दोन याद्या करा. या पुस्तकात काय घडूच शकत नाही, ही पहिली. नायकाला काय ठाऊक असता कामा नये, ही दुसरी.

भाचीने हानची पहिली यादी केली ती अशी. तो मरू शकत नाही. त्याला चुबाका हा त्याचा केसाळ साथीदार भेटू शकत नाही, कारण ती भेट सिनेमात पुढे होते. ‘मिलेनियम फाल्कन’ हे त्याचं प्रसिद्ध यान मिळू शकत नाही. लेडी प्रॉक्सिमापासून तो कायमचा सुटू शकत नाही, कारण सिनेमा सुरू होतो तेव्हा तो अजून तिच्याकडेच असतो. आणि गंमत म्हणजे त्याला ‘सोलो’ हे आडनावही असू शकत नाही. ते त्याला सैन्यात भरती करून घेणारा अधिकारी देतो, घरचं कोणी नाही, एकटाच आहे म्हणून. कादंबरीभर तो नुसता हान.

लेयाची दुसरी यादी जास्त मोठी. आपण दत्तक आहोत हे तिला माहीत आहे, पण वडील कोण हे नाही. जुळा भाऊ आहे हे माहीत नाही. आईवडील साम्राज्याविरुद्ध बंड उभारताहेत हे सुरुवातीला माहीत नाही.

आता लेखिकेकडे पाहा. चारी बाजूंनी कुंपण, आणि आत तीन-साडेतीनशे पानं नाचायचं. दशावतारातल्या नटाची अडचण हीच, आणि मजाही. कुठल्या प्रसंगात ती कुंपणाला जवळजवळ चिकटून गेली, कुठे कुंपणाचा भोपळ्याच्या मांडवासारखा उपयोग करून वेल वर चढवला, ते पेन्सिलीने समासात टिपा. ग्रंथालयाचं पुस्तक असेल तर वहीत टिपा, कृपा करून.

याच पायरीत भीतीचीही सोय आहे. ज्याचं नाव सिनेमात कुठेच नाही अशा प्रत्येक पात्रावर नजर ठेवा. त्याला कुंपणाचं संरक्षण नाही. नवा मित्र, नवी मैत्रीण, हसरा साथीदार यांतला कोणीही पुढच्या पानावर जाऊ शकतो. भाचीला हे सांगितल्यावर ती पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागली, आणि या वेळी घाबरली.

अपवाद असतात. अमिलिन होल्डो ही लेयाच्या कादंबरीत सप्टेंबर २०१७ मध्ये आधी आली, विक्षिप्त, तंद्रीत बोलणारी मुलगी म्हणून. त्या वर्षीच्या डिसेंबरमधल्या ‘द लास्ट जेडाय’ चित्रपटात ती नौदलाच्या अधिकाऱ्याच्या दिमाखात दिसली. म्हणजे कधी कधी सिनेमासाठी घडवलेला माणूस पुस्तकात आधी भेटतो.

पायरी सातवी : विज्ञानाची वही मिटा

जयंत नारळीकरांच्या कथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला इथे ठेच लागते. नारळीकरांनी १९७४ मध्ये नाव बदलून मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. ती लिहिणारा खगोलशास्त्रज्ञ होता आणि कथेतलं विवर भौतिकशास्त्राचे नियम पाळतं. इथे तसं काही नाही. निर्वातात यानं गर्जना करतात, प्रत्येक ग्रहावर आपल्याला झेपेल अशी हवा असते. विचारू नका. दशावतारात रंगमंचावर एक लाकडी बाकडं असतं. तेच सिंहासन, तोच रथ, गरज पडली तर पर्वतही. बाकड्याला चाकं कुठे आहेत असं कोणी विचारतं का?

एक किस्सा मात्र सांगण्यासारखा आहे. १९७७ च्या चित्रपटात हान बढाई मारतो की केसल या ग्रहाची अवघड फेरी आपण बारा पार्सेकपेक्षा कमीत मारली. पार्सेक हे वेळेचं माप नाही, अंतराचं आहे, साधारण ३.२६ प्रकाशवर्षं. वर्षानुवर्षं लोक यावर हसले. मग २०१८ च्या ‘सोलो’त दाखवलं की त्याने धोक्याचा आडमार्ग घेतला, म्हणून अंतरच कमी झालं. एकेचाळीस वर्षांनी ठिगळ, पण रंगसंगती जुळवून लावलेलं! तरुणपणाच्या गोष्टींचं हेही एक काम असतं. जुनी भोकं शिवणं. ती सापडली की वाचकाला आपण फार हुशार असल्यासारखं वाटतं, आणि ते सुख फुकटचं आहे.

पायरी आठवी : इंग्रजीची धास्ती

गोव्यात चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलेली बरीच मुलं पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात जातात. पाठ्यपुस्तकाचं इंग्रजी जमतं, पण कादंबरीचं बिचकवतं. त्यावर माझा उपाय साधा आहे. पहिली तीन प्रकरणं एका बैठकीत वाचा, अडलं तरी न थांबता. शब्द कळला नाही तर पुढे जा, तोच शब्द चौथ्यांदा आला की आपोआप कळतो. प्रकरण संपलं की काय झालं ते कोणाला तरी मराठीत किंवा कोकणीत सांगा. आजी असेल तर उत्तम, कारण आजी मध्येच “पण त्याच्या आईबापांचं काय झालं?” असं विचारते आणि तो प्रश्न नेमका महत्त्वाचा निघतो.

पायरी नववी : एक पान स्वतःचं

पुस्तक संपलं की लगेच दुसरं घेऊ नका. एक पान लिहा. आपल्याकडचं कोणतंही ओळखीचं पात्र घ्या, ज्याचा शेवट घरात सगळ्यांना ठाऊक आहे असं. त्याला सोळा वर्षांचं करा. पायरी सहाप्रमाणे दोन्ही याद्या करा. मग एकच प्रसंग, एकच जागा, दोनच माणसं. युद्ध नको, भविष्यवाणी नको, ‘पुढे याचं काय होणार होतं कोण जाणे’ असलं वाक्य तर मुळीच नको. वाचणाऱ्याला ते ठाऊकच आहे, त्याला ठेवू द्या ते स्वतःजवळ.

भाचीने कर्ण घेतला. का म्हणून विचारलं तर म्हणाली, “लेयासारखाच ना? दुसऱ्यांच्या घरी वाढलेला, भाऊ कोण ते माहीत नाही.” हे मला सुचलं नव्हतं. तिच्या दुसऱ्या यादीत सात गोष्टी होत्या. पान मात्र छोटं होतं. संध्याकाळ, सूताचं अंगण, अधिरथ घोडे धुतोय. राधा कर्णाच्या कानांच्या पाळ्यांना तेल चोळते आहे, कुंडलं हलवून पाहते आहे. तो विचारतो, “आई, ही काढता का येत नाहीत?” राधा म्हणते, “कशाला काढायचीत? कोण मागतंय?”